चोरीच्या लाकडाची होळी

आमच्या अवनीनं वर्गात जाहीर करून टाकलं की येत्या रविवारी तिचे आजोबा एका राक्षसीला जाळणार आहेत, आणि ज्यांना बघायचं असेल त्यांनी सात वाजता आमच्या ब्लॉकखाली यावं.

ही बातमी मला शुक्रवारी संध्याकाळी कळली. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कातून तासभर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभा राहून मी सेंगकांगला घरी पोहोचलो होतो, पायातले मोजेसुद्धा काढले नव्हते.

"किती जणांना बोलावलंस?" मी विचारलं.

"ओन्ली फाइव्ह."

"आणि ते येणार आहेत?"

"जिया हुई सेज आजोबा ब्लफ. शी वॉन्ट टु कम अँड सी." इथल्या शाळेत उचललेल्या इंग्रजीत एवढं बोलून अवनीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आता खिशातून राक्षसी काढून दाखवावी.

दुसरं कुणाचं मूल असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण अवनी या शाळेत येऊन सहा महिने झाले होते, आणि या सहा महिन्यांत तिच्या तोंडून एकाही मैत्रिणीचं नाव आम्ही ऐकलं नव्हतं. मधल्या सुट्टीत काय करतेस, असं विचारलं की ती म्हणायची, टॉयलेटला जाते. रोज टॉयलेटला, पूर्ण सुट्टीभर. आठ वर्षांची पोर, एका बंद दाराआड घंटा व्हायची वाट बघत बसते, हे मनात आलं की मी ताटावरून उठायचो. आणि आता एक जिया हुई होती. ती अवनीला खोटारडी म्हणत होती, पण घरी येणार होती. तिला आग दिसली नाही, तर सोमवारपासूनची शाळेची आठवडाभराची सुट्टी संपल्यावर अवनीचं टॉयलेट पुन्हा सुरू.

या सगळ्याच्या मुळाशी आमचे अण्णा. माझे वडील जगदीश, वय वर्षं एकाहत्तर, दोन महिन्यांसाठी चिपळूणहून आलेले. बत्तीस वर्षं एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांची घोषणा करायचा माइक बिघडला, तरी प्रवाशांना कळायचं नाही, असा आवाज. तो आवाज सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये कोंडून पडला होता आणि रोज झोपताना अवनीला गोष्टी सांगून थोडा थोडा मोकळा होत होता.

"होलिकेची गोष्ट तर सगळ्यांनाच ठाऊक असते," अण्णा मला समजावू लागले, जणू चूक माझीच होती. "प्रल्हादाला मांडीवर घेऊन बसली नि स्वतःच जळली. मी पोरीला आपली ढुंढा सांगितली. ढुंढा राक्षसीण. पोरांना छळायची, आजारी पाडायची. तिनं वर मागून घेतलेला, देवाकडून मरण नको, माणसाकडून नको, शस्त्रानं नको, थंडीनं नको, उन्हानं नको. सगळं मागितलं आणि पोरांचं राहूनच गेलं. चिल्लीपिल्ली काय करणार, असं वाटलं असेल तिला. मग पोरांनी काय केलं? लाकडं जमवली, आग पेटवली, तोंडावर हात मारून बोंब ठोकली, आणि येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. ढुंढा पळाली ती पळालीच. म्हणून शिमगा."

"अण्णा, इथं बोंब कुठं मारणार? इथं लोक जोरात शिंकत नाहीत."

"मग इथली पोरं आजारी पडत असतील," अण्णा म्हणाले.

मी नियमांना घाबरणारा माणूस आहे. पुण्यात मी रात्री रिकाम्या चौकातही सिग्नलला थांबायचो म्हणून मित्र माझ्या गाडीवर बसायला तयार नसत. सिंगापूरला आल्यावर मला पहिल्यांदा आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. त्या माझ्यावर होळी पेटवायची वेळ आली होती. पण विनीता, माझी बायको, माझ्यापेक्षा थंड डोक्याची. ती म्हणाली, "अरे निशी, खाली ते पिंप आहे ना!"

आमच्या ब्लॉकमागे गवताच्या कडेला कमरेएवढं उंच एक लोखंडी पिंप आहे. चिनी शेजारी त्यात आपल्या पूर्वजांसाठी कागद जाळतात. पिंपावर अंकल क्वेक यांची सत्ता. हे तिसऱ्या मजल्यावरचे, अण्णांच्याच वयाचे, अंगात बनियन आणि चेहऱ्यावर कायमची नाराजी. पिंपाची जबाबदारी त्यांना कुणी दिलेली नव्हती, त्यांनी ती घेतली होती. राख बाहेर सांडली की ते माणसाला तिसऱ्या मजल्यावरून नावानिशी ओरडायचे. संध्याकाळी पिंपाशेजारी एका बुटक्या लाल स्टुलावर बसून ते जाळायच्या कागदांच्या घड्या घालायचे.

शनिवारी सकाळी मी संत्र्यांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात गेलो. आमचा सण आहे, लहान मुलं आहेत, थोडीशीच आग, असं सगळं हात जोडून सांगितलं. त्यांनी संत्री एकेक करून दाबून पाहिली.

"संडे सेव्हन ओ'क्लॉक?"

"येस अंकल."

"स्मॉल स्मॉल कॅन. आफ्टर दॅट यू स्वीप."

मी जिने उतरलो नाही, तरंगत खाली आलो. दुपारी सुपरमार्केटमधून बार्बेक्यूच्या लाकडांची पिशवी आणली. विनीतानं लिटल इंडियातून पाच गोवऱ्या आणल्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, वर लेबल चिकटवलेलं. नारळ आला. हरभऱ्याची डाळ भिजली. सगळं कसं नियमात बसलं होतं.

अण्णांनी लाकडांच्या पिशवीकडे पाहिलं.

"विकत आणलीस?"

"हो."

"निश्या, विकतच्या लाकडाची होळी होत नाही. शेकोटी होते." मग त्यांनी मला सगळं पुन्हा ऐकवलं, जे मी लहानपणापासून दर फाल्गुनात ऐकत आलो आहे. होळीचं लाकूड चोरूनच आणायचं. कुंपणाचे खांब, मोडकी दारं, एकदा तर चक्क सरपंचांची बाज, सरपंच परसात गेले असताना. "आणि मालकाला कळलं पाहिजे. त्यानं शिव्या घातल्या पाहिजेत. गुपचूप चोरी म्हणजे नुसती चोरी. शिव्या खाल्ल्या की तो सण."

"अण्णा, हे सिंगापूर आहे. इथं लिफ्टपाशी कॅमेरे आहेत. इथं काही उचलायचं नाही."

"हो, हो," अण्णा म्हणाले.

अण्णा दोनदा 'हो' म्हणाले की त्याचा अर्थ 'नाही' होतो, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. तरी मी निवांत झोपलो. ती माझी चूक.

रविवारी दुपारी तीनला बेल वाजली. दारात अंकल क्वेक.

"माय स्टूल. रेड वन. यू सी ऑर नॉट?"

मी पाहिलं नव्हतं, तसं मी प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, बावीस वर्षं ते स्टूल जिन्याखाली असतं, कुणी हात लावला नाही, उद्या ब्लॉकच्या ऑफिसात जाऊन कॅमेरा बघायला लावतो. माझ्या मागे अण्णा उभे होते. त्यांनी अंकल क्वेकना अगदी मनापासून नमस्कार केला. तो नमस्कार पाहूनच मी ओळखलं.

दार लावून मी सरळ अण्णांच्या खोलीत गेलो आणि पलंगाखाली वाकलो. चार पाय आणि एक बसायची फळी, लाल रंगाची, लेंग्याच्या नाडीनं व्यवस्थित मोळी बांधून ठेवलेली.

"अण्णा!"

"सकाळी फिरायला गेलो तेव्हा दिसलं."

"कुणीतरी टाकून दिलेलं वाटलं का तुम्हाला?"

"छे! टाकलेलं उचलण्यात कसली चोरी? चांगलं होतं म्हणून तर घेतलं."

मी पलंगावर बसलो. अख्ख्या सेंगकांगात, हजारो फ्लॅटमध्ये, हजारो लाकडी वस्तू होत्या. त्यातून माझ्या वडिलांनी नेमकी त्या माणसाची वस्तू उचलली होती, ज्याच्या परवानगीवर आमची होळी उभी होती. आत्ता जाऊन सांगितलं तर पिंप बंद, जिया हुई येणार, आग नाही, अवनी खोटारडी. न सांगितलं तर उद्या कॅमेऱ्यात लेंगा घातलेले अण्णा. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, डोळ्यांपुढे पंख लावून उडू लागला.

विनीताचे हात पुरणात होते. ती दारातून म्हणाली, "आग पेटली की सांग. पेटलेली आग कुणी विझवत नाही."

"आणि मोळीचं काय?"

"ती होळीतच जाणार," अण्णा म्हणाले. "निदान वरती तरी चोरीचं हवं."

अवनी पलंगाच्या टोकाशी उभी होती. तिला सगळं कळलं होतं. ती मला एवढंच म्हणाली, "बाबा, प्लीज." मी मोळी वर्तमानपत्रात गुंडाळली. माझ्या आयुष्यातला तो पहिला गुन्हा.

सातला सगळे खाली. पाच पोरं खरंच आली होती. जिया हुई समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायची, तिच्या आईनं पलीकडून हात केला. जिया हुई चष्मेवाली, गळ्यात पाण्याची बाटली, हाताची घडी. ती पिंपासमोर परीक्षकासारखी उभी राहिली. अंकल क्वेकही देखरेखीला आले. बसायला स्टूल नव्हतं, म्हणून ते उभेच राहिले आणि एकदा वाकून त्यांनी गुडघा चोळला. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माणसाचा गुडघा दुखत होता, त्याचं स्टूल आम्ही मोडलं होतं, आणि तो आमच्याच सणासाठी तिष्ठत होता.

अण्णांनी गोवऱ्या रचल्या, शेकोटीची लाकडं ठेवली, त्यावर वर्तमानपत्राची गुंडाळी. हळदकुंकू वाहिलं, कापूर लावला. विनीतानं पुरणपोळीचा नैवेद्य टाकला. तुपानं भडका उडाला आणि पोरं "वाऽऽव" करून मागे सरली. अवनीनं जिया हुईकडे हळूच पाहिलं. जिया हुईची घडी सुटली होती.

तेवढ्यात वर्तमानपत्र जळून गेलं आणि चार लाल पाय वर आले.

"अंकल," जिया हुई बोट दाखवून म्हणाली, "दॅट वन युअर स्टूल, व्हॉट."

पिंपात गोवऱ्या तडतडत होत्या. मी पुढे झालो आणि सांगून टाकलं. अंकल, सॉरी, माझ्या वडिलांनी घेतलं, मला दुपारी कळलं, तरी मी गप्प राहिलो, मी नवीन आणून देतो, मुलांना रागावू नका.

अंकल क्वेकनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, मग पिंपात. मग त्यांनी तोंड उघडलं.

ती भाषा होक्किएन, म्हणजे इथल्या जुन्या चिनी लोकांची बोली होती, एवढं मला कळलं. बाकी काही कळायची गरज नव्हती. श्वास न घेता, हात नाचवत, खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत जात, ते जवळजवळ मिनिटभर बोलले. पोरांचे डोळे विस्फारले. एका चिनी मुलीनं कानांवर हात ठेवले आणि बोटांच्या फटी मोठ्या केल्या.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. "अरे वा!" ते म्हणाले. "हा तर आपल्या गावचा!"

"अंकल!" अवनी पुढे धावली. मला वाटलं ही आता रडणार. ती अंकल क्वेकच्या समोर जाऊन उभी राहिली आणि धाडधाड सांगत सुटली. राक्षसी आहे, मुलांना पकडते, तलवारीनं मरत नाही, बंदुकीनं मरत नाही, फक्त आग आणि बॅड वर्ड्स. लाकूड चोरायलाच लागतं, नाहीतर ओनर स्कोल्ड कसा करणार? "ओनर नेव्हर स्कोल्ड, डीमन नेव्हर गो. सो अंकल, यू मस्ट स्कोल्ड. मोर लाउड, लाह!"

"यू स्टील माय स्टूल," अंकल क्वेक सावकाश म्हणाले, "देन आस्क मी स्कोल्ड मोर?"

"येस अंकल. प्लीज."

त्या क्षणी सगळंच टांगणीला लागलं होतं. अंकल क्वेक आता पाण्याची बादली आणतील की पोलिसांना बोलावतील, मला काहीच अंदाज येईना. अवनी त्यांच्याकडे मान वर करून बघत होती आणि जिया हुई अवनीकडे.

ही कोंडी अण्णांनी फोडली. त्यांना इंग्रजीही धड कळत नव्हतं आणि होक्किएन तर मुळीच नाही. त्यांना एवढंच कळलं की समोरच्यानं शिव्या घातल्यात, आता आपली पाळी. त्यांनी हात तोंडावर नेला आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीचा सगळा आवाज एका फाक्यात ओतला. कोकणात शिमग्याला अशी अचकट-विचकट आरोळी देतात, तिला फाका म्हणतात, आणि त्यातले शब्द छापण्यासारखे नसतात.

ब्लॉकच्या खिडक्या एकेक उजळल्या. पाचव्या मजल्यावरून एक ऑन्टी कडाडली, "हे! सो नॉइझी!"

"वा वा, तीही देते आहे!" अण्णा खूश.

आणि अंकल क्वेक हसले. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग ते कमरेवर हात ठेवून मान मागे टाकून जे सुटले, ते होक्किएनमधलं उत्तर होतं. अण्णांनी फाका दिला. त्यांनी उत्तर दिलं. अण्णांनी दुसरा दिला. एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघांचाही एकही शब्द वाया जात नव्हता. मी आणि विनीता एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होतो.

"वी ऑल्सो कॅन से बॅड वर्ड?" जिया हुईनं अवनीला विचारलं.

"मस्ट," अवनी म्हणाली. तिनं तिला हात तोंडावर कसा आपटायचा ते शिकवलं. मग सहाही पोरं पिंपाभोवती बोंबलत धावू लागली. जिया हुईनं बराच विचार करून आपल्याजवळची सर्वांत भयंकर शिवी काढली, "होमवर्क! युअर बॅकसाइड!" आणि स्वतःच घाबरून टुणकन उडाली.

"दॅट स्टूल," अंकल क्वेक डोळे पुसत मला म्हणाले, "ट्वेंटी टू इयर्स पिंच माय बॅकसाइड. माय वाइफ एव्हरी डे से थ्रो. सो आय कीप."

मग ते वर निघून गेले. मला वाटलं, झालं, कंटाळले. पाच मिनिटांनी खाली आले ते हातात एक जुना लाकडी दांड्याचा मॉप घेऊन. मी म्हटलं, अंकल, द्या, टाकतो. त्यांनी माझा हात झटकला. मॉप खांबाला टेकवला, आमच्याकडे पाठ केली आणि आभाळाकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "अय्याऽऽ, माय मॉप व्हेरी गुड मॉप. होप नोबडी स्टील."

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग जिया हुई वाकून, पाय न वाजवता, खांबापर्यंत गेली. अवनी तिच्या मागे. मॉप पिंपात पडला, अंकल क्वेक गर्रकन वळले आणि पुन्हा शिव्यांची सरबत्ती. पोरं किंचाळत पळाली. पुढच्या अर्ध्या तासात अंकल क्वेक तीनदा वर गेले. फळांची खोकी गेली, तुटका हँगर गेला, कुठल्याशा जुन्या वर्षाचं कॅलेंडर गेलं. दर वेळी ते त्या वस्तूची आधी भरपूर स्तुती करायचे.

आग बसल्यावर अण्णांनी काठीनं राखेतून नारळ ओढला, फोडला, आणि भाजलेल्या खोबऱ्याचा पहिला तुकडा अंकल क्वेकना दिला. दुसरा जिया हुईला. तिनं तो चावून, गिळून, पाणी पिऊन निकाल दिला.

"नॉट ब्लफ," ती म्हणाली.

अवनीनं मागे हात करून माझं बोट धरलं आणि इतकं घट्ट दाबलं की मला तिथंच रडू आलं. धुरानं आलं, असं मी विनीताला सांगितलं. मग ठरल्याप्रमाणे मी बाहेर सांडलेली सगळी राख झाडली.

सोमवारी सकाळी ऑफिसला जायला दार उघडलं तर दाराबाहेरचं चपलांचं रॅक गायब. आमचे जोडे भिंतीपाशी ओळीनं, अगदी नीट मांडून ठेवलेले. मी एक बूट घालून, एक हातात घेऊन खाली पळालो.

पिंपाशेजारी आमचं रॅक आडवं टाकलेलं होतं. त्यावर अंकल क्वेक आणि अण्णा शेजारी शेजारी बसले होते, दोघांच्याही कपाळाला होळीची राख. अंकल कागदांच्या घड्या घालत होते आणि अण्णांना शिकवत होते. सुट्टीचा पहिला दिवस असून अवनी आणि जिया हुई केव्हाच खाली आल्या होत्या. त्यांच्याही कपाळांवर राख होती.

"व्हेरी गुड वुड," रॅकवर थाप मारून अंकल क्वेक म्हणाले. "नो पिंच. यू स्कोल्ड."

मी घड्याळ पाहिलं. नऊला मीटिंग होती. "एक्सक्यूज मी अंकल," मी हळू आवाजात म्हणालो, "आय थिंक दॅट इज अवर—"

"बाबा!" अवनी ओरडली, मराठीत. "असं नाही! मोठ्यानं!"

मी लॅपटॉपची बॅग खाली ठेवली, हातातला बूट खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. मग हात तोंडावर नेला आणि लहानपणी चिपळूणला ऐकलेली, विनीतासमोरही कधी न उच्चारलेली एक अख्खी ओळ आकाशात सोडली. पाचव्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. अण्णांनी मान डोलावली, आगारात गाडी वेळेवर सुटल्यावर डोलवायचे तशी.

जिया हुई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं अवनीला विचारलं, "युअर होल फॅमिली लाइक दॅट, आह?"

"येस लाह," अवनी म्हणाली. "यू वॉन्ट टु स्टील समथिंग?"

आणि दोघी हातात हात घालून लिफ्टकडे पळाल्या.